आमच्या घरची बारा काठी

काठी अजूनही नऊ फूट चार इंच भरते. गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली काढली तेव्हा फौंड्रीतला स्टीलचा टेप लावून मी ती तीनदा मोजली. तिन्ही वेळा तेवढीच. बांबू म्हातारा होतो, वाळतो, चिरतो. पण ही आप्पांनी, माझ्या वडिलांनी, दर उन्हाळ्यात करंजेल पाजून ठेवलेली. दोन्ही टोकांना लोखंडी शेंब्या. मधोमध, जिथं हाताची पकड बसते, तिथं बांबू काळा आणि गुळगुळीत झालाय. नाकाजवळ नेली की तेलाचा कडवट वास येतो, आणि त्याच्या मागं अगदी थोडा, ठेचलेल्या घाणेरीच्या पानांचा. हा दुसरा वास खरा आहे की माझ्या डोक्यातला, हे मला ठरवता आलेलं नाही. मी स्टोअर सांभाळणारा माणूस. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची मला सवय नाही.

आमचं गाव उचगाव ओलांडून पुढं, डोंगराच्या अंगाला. डोंगरावर वरची वाडी, अठरा उंबऱ्यांची. गाव आणि वाडी यांच्यामधे दीड किलोमीटरची पायवाट, आणि वाटेच्या साधारण मधे राज्याच्या हद्दीचा दगड. गाव कर्नाटकात, वाडी महाराष्ट्रात. डांबरी रस्त्यानं वाडीला जायचं तर वळसा घालून बावीस किलोमीटर, दोन बस बदलून. माझी थोरली बहीण, आक्का, त्या वाडीत दिलेली. तिला बस लागते. पहिल्या वळणाला ती पदर तोंडाला लावते आणि मग उतरेपर्यंत काढत नाही. वाट बुजली, तशी चार वर्षं ती दसऱ्याला माहेरी आलेली नाही. यंदा मी फोनवर तिला शब्द दिला होता, "आक्का, ह्या दसऱ्याला वाट उघडून देतो. तू चालत ये."

शब्द देताना मी हिशेब केला नव्हता. तिथंच चुकलं.

आप्पांच्या वेळी ही वाट कुणी उघडून देत नव्हतं. ती उघडायची. पितृपंधरवड्यात, शुभकार्य काही नसायचं तेव्हा, एक दिवस ठरायचा. गावात तेव्हा चव्वेचाळीस घरं. वाट पाचशे अठ्ठावीस काठी. प्रत्येक घराला बारा काठी, आमच्या टेपाच्या भाषेत एकशे बारा फूट. घर मोठं असो की लहान, आठ कोयते असोत की एक, बारा म्हणजे बारा. वाडीची माणसं ह्यात नसायची. त्यांच्या वाट्याला वाटेच्या डोक्यावरचा झरा आणि त्याचं टाकं साफ करणं. काठी आमच्या घरात असायची, कारण मोजायचं काम आमच्या घराण्याकडं. आप्पा आदल्या दिवशी वर जाऊन मोजत खाली यायचे आणि प्रत्येक बारा काठीला एक चुन्याचा दगड ठेवायचे.

त्या दिवसाचा वास मला आजही ओळीनं सांगता येतो. पहाटेला धुक्याचा, ओल्या जांभ्याचा. मग कोयते चालू झाले की घाणेरीचा, नाकाला झोंबणारा. दहाच्या सुमाराला कापलेल्या हिरव्या कारवीचा, थोडा औषधासारखा. आणि जेवणाच्या वेळेला रताळ्यांचा. आमच्याकडं रताळी निघायला सुरुवात झालेली असायची. मागच्या वर्षीच्या वाळक्या फांद्यांचा जाळ करायचा, निखारे पडले की बुट्टीभर रताळी त्यात लोटायची. सालीचा कोळसा व्हायचा आणि आत पिवळाधमक, बोटं भाजणारा गर. बायका डोक्यावर भाकऱ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन वर यायच्या, त्यांच्या जोडव्यांचा आवाज दगडांवर आधी ऐकू यायचा, माणसं नंतर दिसायची. वाटभर एकाच वेळी कोयत्यांचा आवाज. पण एका तालात कधीच नाही. प्रत्येक घराचा आपला ताल. आप्पा म्हणायचे, कान दिला तर डोळे मिटून सांगता येतं कोण कुठं आहे.

आमच्या घरातून कोयता धरायची ती आक्का. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि आप्पा मोजणीच्या कामात. तिच्या हाताचा ताल जलद होता, टक-टक, थोडं थांबून पुन्हा टक-टक. आमच्या तुकड्यात ऐनाचं जोडझाड होतं, एका बुंध्यातून दोन खोडं. ती त्याला कोयता अडकवून डोक्याचा टॉवेल पिळायची.

आणि एक नियम. ज्या घरचं माणूस आलं नाही, त्याची बारा काठी तशीच ठेवायची. शेजारच्यानं हात लावायचा नाही. रागानं नव्हे. ते त्या घराचं होतं, बस्. मग वर्षभर येणाराजाणारा त्या जाळीतून अंग चोरत जायचा, आणि काटा लागला की त्या घराचं नाव घ्यायचा. पंच बसत नव्हते, कुणी दंड मागत नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते माणूस आपोआप सगळ्यांच्या आधी हजर.

एक वर्ष आमची राहिली. का राहिली ते आता सांगण्यात अर्थ नाही. घरात जे होतं ते होतं. आक्काचं लग्न होऊन गेलेलं, मी चौथीत. ज्यांनी अख्ख्या गावाला मोजून दिलं त्यांचीच बारा काठी उभी. वर्षभर शाळेत मला ऐकावं लागलं, "काय रं, तुमच्या रानात वाघ दिसला म्हणं!" त्या दसऱ्याला आक्का वाडीवरून आली तेव्हा तिच्या नव्या लुगड्याचा पदर वीतभर फाटलेला. आईनं विचारलं, "कुठं गं फाटलं?"

"आपल्याच काट्यानं," आक्का म्हणाली, आणि सुईदोरा मागून घेतला.

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

पुढं आप्पा गेले. त्याच्या पुढच्या वर्षी काठी माळ्यावरून खाली आली नाही. कुणी ठरवलं नव्हतं. रस्ता झाला, बस आली, पोरं शहरात कामाला जायला लागली, मीही त्यातलाच. चाळीस वर्षं झाली. वाडीला जायचं तर मी मोटरसायकलनं जायचो. वाट वर्षाला थोडी थोडी मिटत गेली.

आता आमच्या भागात दर रविवारी सकाळी वाट स्वच्छ करणारा एक ग्रुप आहे. सेहेचाळीस जण. बहुतेक शहरातले, काही आमच्या गावचे. सारख्या रंगाचे टी-शर्ट, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या. त्यांना नावं ठेवायला मला जमणार नाही. चांगली माणसं आहेत. स्वतःची सुट्टी घालवून येतात, प्लास्टिक उचलतात, कुणाला पाय मुरगळला तर गाडीतून घरी सोडतात. त्यांनी वाटेच्या खालच्या तोंडाला फलक लावला, दगडांना पांढरे बाण काढले, बसायला बाकडं केलं. ग्रुप चालवणारा सागर, माझ्या मुलाच्या वयाचा, हसतमुख. पंचायतीत दोन्हीकडं हेलपाटे त्यानंच घातले. इकडच्या नकाशात वाट हद्दीच्या दगडापर्यंत येऊन थांबते आणि तिकडच्या नकाशात ती सुरूच होत नाही. दोन्ही ठिकाणी त्याला चहा मिळाला.

पण मी सहा रविवार मोजले. सहा रविवारात वाट उघडली सहाशे सत्तर फूट. आणि त्यातही पहिले दोनशे फूट तीन वेळा साफ झाले, कारण दर वेळी सगळे फलकापासूनच सुरुवात करतात. पावसाळ्यात घाणेरी दोन आठवड्यात गुडघ्याला येते. आम्ही तीच कापतो, तिथंच फोटो काढतो, तिथूनच परत येतो. काम सगळ्यांचं, म्हणून जिथं पाय पडेल तिथं. पुढचं कुणाचंच नाही.

सातव्या रविवारच्या आधी मी काठी खाली काढली. दोन संध्याकाळ जाळीत घुसत, हद्दीच्या दगडापर्यंत मोजत गेलो, बारा बारा काठीला फांदीला लाल चिंधी बांधत. त्याच्या वर जाता आलं नाही, पण एकूण मला पाठ होतं. यादी केली. चव्वेचाळीस तुकडे, सेहेचाळीस माणसं. दोन जण राखीव. प्रत्येकाच्या नावापुढं त्याचा तुकडा. रविवारी फलकाजवळ उभा राहून वाचून दाखवली.

"काकांनी टेप आणलाय," मागून कुणीतरी म्हणालं, "आता प्रत्येकाला उतारा पण काढून देणार बघा."

"माझ्या तुकड्यात बोअर पडंल काय, काका? पाणी लागलं तर कुणाचं?"

सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. सागर जवळ आला आणि हळू म्हणाला, "काका, एवढं कडक नको. माणसं पळून जातील. आनंदानं येतात तेवढं येऊ द्यात की."

"सहा रविवार आनंदानं आलो, सागर. सहाशे सत्तर फूट झालं."

"मग झालं की सहाशे सत्तर! थोडं कौतुक पण करा."

"पाच हजार फुटांची वाट आहे. दसऱ्याला माझी बहीण येणार आहे."

त्यानं हातमोजे काढले. मग म्हणाला, "यादी ग्रुपवर टाका." मी टाकली. अठ्ठेचाळीस मिनिटांत एकतीस अंगठे आले. पुढच्या रविवारी माणसं आली नऊ. नऊच्या नऊ जणांनी फलकाजवळचा पहिला तुकडा कापला, कारण तो ज्याच्या नावावर होता तो आला नव्हता आणि ते बरं दिसत नव्हतं. मी सांगत होतो, त्याचं त्याला राहू द्या, दिसू दे लोकांना. एक बाई म्हणाल्या, "असं कसं काका, आपण मदत करायला आलोय न्हवं?" त्यांचं बरोबर होतं, आणि माझं डोकं मात्र तापलेलं.

मग मी ठरवलं, निदान आपली तरी करू. आमचा तुकडा चौदावा. आप्पांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं, "आपली चौदावी." फलकापासून चिंध्या मोजत, सहाव्यापर्यंत चालत आणि पुढं जाळीतून सरपटत, चौदाव्याला पोचलो. ऐनाचं जोडझाड नव्हतं. पण एक ऐनाचं खोडकं होतं, कुणीतरी कधीतरी तोडलेलं. मला तेवढं पुरलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत झाड राहतंय कशाला, असं म्हणत मी कोयता उचलला.

तीन रविवार मी एकटा तिथं होतो. हाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले. खालून ग्रुपच्या हसण्याचा आवाज यायचा, स्पीकरवरची गाणी यायची. मी टक-टक करून पाहायचो, आक्काचा ताल काही जमला नाही. माझा हात गोदामातला, पेनचा. तिसऱ्या रविवारी एकशे बारा फूट पुरे झाले. दोन्ही टोकांना चिंधीखाली चुन्याचा दगड ठेवला आणि मधे बसून डब्यातलं गार रताळं खाल्लं. उकडलेलं. त्याला कशाचाच वास नव्हता.

दसऱ्याला नऊ दिवस राहिले तेव्हा मला मान्य करावं लागलं, वाट होणार नाही. हे फोनवर सांगणं मला बरं वाटेना. रजा टाकली आणि मोटरसायकलनं बावीस किलोमीटर वळसा घालून वाडीला गेलो.

आक्का अंगणात नाचणी पाखडत होती. सहासष्ट वर्षांची, एक गुडघा सुजलेला. मी चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं. वाट झाली न्हाय, मी शब्द मोडला, बसनं येतीस का. तिनं सूप खाली ठेवलं.

"आपली झाली न्हवं?"

"झाली. मी केली. बारा काठी."

"तू?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "कवा?"

"तीन रविवार. एकट्यानं."

ती उठली. कोनाड्यातून कोयता काढून कमरेला खोचला आणि चालायला लागली. वरच्या बाजूला शेरडं चरतात, म्हणून वाट अगदी बंद नाही. वाकून, फांद्या धरून उतरता येतं. ती पुढं, तिचा सुजलेला गुडघा आधी, मग दुसरा पाय. मी मागं. पाऊण तासानं ती थांबली.

समोर उजेड होता. जाळीत एकदम स्वच्छ, रुंद, कुणीतरी झाडल्यासारखी वाट. दोन्ही कडांना कापलेल्या घाणेरीच्या वाळक्या फांद्या, एकावर एक, दर वर्षीच्या कापणीचा एक थर. आणि मधे ऐनाचं जोडझाड, दोन्ही खोडं शाबूत. डाव्या फांदीला कोयता अडकवून अडकवून पडलेली खाच.

"ही आपली," आक्का म्हणाली. "तू कुठली केलीस?"

मी टेप काढला. वरच्या चुन्याच्या दगडापासून खालच्यापर्यंत, एकशे बारा फूट. टेप दोन्हीकडं बरोबर बसला. त्याच्या खाली पुन्हा घाणेरीची भिंत.

"आप्पा झऱ्यापासनं मोजायचे की रं," ती म्हणाली. "पाणी जिथनं येतं तिथनं. वरनं चौदावी. तुला एवढं ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. आप्पा आदल्या दिवशी वर जाऊन मोजत खाली यायचे, हे मी आयुष्यभर सांगत आलो, आणि फलकापासून मोजत वर गेलो.

"तू दर वर्षी करतीस हे?"

"आप्पा गेल्यापासनं."

"मला कधी बोलली न्हाईस."

"बोलायचं काय त्यात? घराची राहिली तर लोक नाव घेत्यात."

"कोण लोक, आक्का?" माझा आवाज चढला. "चार वर्षं इथनं कुणी चाललेलं न्हाय. वर जाळी, खाली जाळी, मधेच एकशे बारा फूट साफ. ह्याचा उपयोग काय?"

"मी बघती की," ती म्हणाली.

मी कोयता मागून घेतला आणि खालच्या भिंतीवर पहिला घाव घातला. इतका राग आला होता की कुणावर ते कळत नव्हतं. ग्रुपवर, पंचायतींवर, एकतीस अंगठ्यांवर, तिच्यावर, माझ्यावर. दुसरा घाव घालायच्या आधी तिनं मनगट धरलं.

"ती परसू आण्णाची."

"परसू आण्णाची पोरं पुण्यात हायत. पंचवीस वर्षं झाली. घराला कुलूप हाय, आक्का. कौलं पडल्यात."

"म्हणून काय त्यांचं घर मोडलं व्हय? आपण तोडली की त्यांचं नावच मिटलं. ठेव." तिनं कोयता काढून घेतला. मग दगडावर बसली, गुडघा दोन्ही हातांनी दाबत. "तू हिशेबी हायस न्हवं? सांग, आपल्याखालची किती ऱ्हायल्यात?"

"खालनं सहा झालीत. आपल्याखाली तीस घरं. चोवीस..." मी थांबलो. खालून चौदावी म्हणजे वरून एकतिसावी. "आक्का, वरनं एकतिसावी कुणाची?"

तिला विचार करावा लागला नाही. "दत्तू मास्तराची. का रं?"

तीन रविवार. तळहातावरचे सगळे घट्टे दत्तू मास्तरांचे. मास्तर वारले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांचा मुलगा कधी गावात दिसला नाही. मी खाली पाहिलं. इथून दिसत काहीच नव्हतं, पण मला ती साफ केलेली जागा दिसत होती, चुन्याचे दोन दगड, रताळ्याची साल.

"का विचारलंस?" आक्का म्हणाली.

"ती पण साफ झालीय."

"दत्तू मास्तराची? कुणी केली?"

तेवीस वर्षं मी स्टोअरची नोंदवही लिहितोय. एक बोल्ट कमी असला तरी कमी लिहितो.

"त्यांच्या घरचं कोण तरी येऊन गेलं असंल," मी म्हणालो.

आक्का तोंड भरून हसली. मला ती हसताना चार वर्षांत पहिल्यांदा दिसली. "बघ," ती म्हणाली, "येत्यात की लोक. तू उगंच तळमळतोस."

वर चढताना तिनं मला बाकीची तेवीस घरं पाठ म्हणून दाखवली. अंगणात पोचल्यावर मी मोटरसायकलच्या टाकीवर कागद ठेवून ती उतरवून घेतली. एका घराला मला तीन रविवार लागतात. म्हणजे एकोणसत्तर रविवार, आणि तोवर खालचं सगळं कितीदा तरी वाढलेलं असेल. हे गणित मी दोनदा तपासलं. बरोबर आहे.

उद्या खंडेनवमी. काठी धुऊन, तेल लावून, कोयत्याशेजारी पाटावर ठेवायला भिंतीला उभी केली आहे. ग्रुपवर सकाळपासून फलकाला झेंडूची माळ घालायची का, यावर चर्चा चालू आहे. परवा आक्का येणार नाही. काल रविवार होता. मी सहाव्या चिंधीपासून पुढं सुरुवात केली. पस्तीस फूट झाले आणि कोयत्याची मूठ निघाली.

आत्ता तिचा फोन आला. तिकडं वारा असावा, आवाज तुटत होता.

"पुढचं कुणाचं झालं काय रं?"

मी कागद उलगडला. खालून सातवं, वरून अडतिसावं.

"बसवाण्णाच्या घरचं सुरू झालंय," मी म्हणालो. "जावई आलता त्याचा."